वीर्यस्खलनाच्या तक्रारी आणि उतारवयातील औषधे



गेल्या अंकात पौरुषग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या वाढीविषयी लिहिले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे लघवीच्या त्रासाची होती. परंतु दोन-तीन पत्रांच्या अखेरीस एखादी ओळ चाचरत लिहिलेली आढळली. ‘गोळी सुरू केल्यापासून वीर्य येणे थांबले आहे, यात काही धोका आहे का?’ अशा आशयाची. एका पत्रात तेवढीच ओळ होती आणि खाली नाव नव्हते. आजचा लेख त्या ओळींसाठी आहे.

ज्येष्ठांसाठी असलेल्या सदरात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. माझ्या दवाखान्यात उत्तन, पाली, चौक, डोंगरी या गावांतून येणाऱ्या साठी-सत्तरीच्या पुरुषांकडे पाहून मला तो टाळण्याजोगा वाटत नाही. या वयातील स्खलनाच्या तक्रारींचे मूळ फार वेळा रोजच्या औषधात, मधुमेहात किंवा पूर्वी झालेल्या शस्त्रक्रियेत सापडते. रुग्ण संकोचाने बोलत नाही, स्वतःच निष्कर्ष काढतो आणि गोळी गुपचूप बंद करतो. अपाय होतो तो त्या बंद केलेल्या गोळीमुळे.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. आयुष्यभर बोटीवर तांडेल म्हणून काम केलेले एक गृहस्थ. वय अडुसष्ट. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागे, म्हणून प्रोस्टेटची गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात झोप लागू लागली. पुढे दोन महिने ते आलेच नाहीत. मग ऐन पावसाळ्यात, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असताना, एका रात्री लघवी पूर्ण तुंबली. पोट फुगून दगडासारखे झाले. मुलाने भर पावसात रिक्षाने भाईंदरला नेले, तेथे नळी घालून लघवी काढावी लागली. आठ दिवसांनी ते माझ्यापुढे बसले, तेव्हा प्रथम मुलाला बाहेर पाठवले आणि मग म्हणाले, “डॉक्टर, ती गोळी मीच बंद केली होती. तिनं मला आतून सुकवून टाकलं.” त्यांच्या मनाने घेतले होते, की वीर्य आटले म्हणजे अंगातली ताकद आटली, आणि आता आपले फार दिवस राहिले नाहीत. गोळी बदलून देणे पाच मिनिटांचे काम होते. ते पाच मिनिटांचे बोलणे न झाल्यामुळे त्यांना आठ दिवस नळीसह काढावे लागले.

स्खलन कसे होते

स्खलन ही एकच क्रिया वाटते. प्रत्यक्षात तिचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात अंडकोषांकडून आलेले शुक्रजंतू, शुक्राशयांतील द्राव आणि प्रोस्टेटचा द्राव मूत्रमार्गाच्या मुळाशी एकत्र येतात. त्याच वेळी मूत्राशयाचे तोंड घट्ट मिटते. दुसऱ्या टप्प्यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू लयीत आकुंचन पावतात आणि वीर्य पुढे फेकले जाते. मागचे दार बंद असल्याने त्याला बाहेरचाच मार्ग असतो. या सर्वांवर पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंचे नियंत्रण असते आणि मेंदूतील रसायने त्याची गती ठरवतात. तृप्तीची जाणीव मात्र मेंदूत उमटते. त्यामुळे वीर्य बाहेर आले नाही तरी ती जाणीव टिकून राहू शकते.

वीर्यातील शुक्रजंतूंचा वाटा शेकडा पाचांहूनही कमी असतो. बाकीचा द्राव पाणी, साखर, प्रथिने आणि क्षार यांचा असतो आणि शरीर तो सतत नव्याने बनवत असते. वय वाढते तसे त्याचे प्रमाण कमी होते, जोर मंदावतो आणि एका स्खलनानंतर पुन्हा उत्तेजना येण्यास अधिक काळ लागतो. केस पांढरे होण्याइतकेच हे स्वाभाविक आहे.

आपल्याकडे सप्तधातूंच्या कल्पनेत शुक्र हा शेवटचा आणि सर्वांत सारभूत धातू मानला गेला. त्यातूनच रक्ताच्या कित्येक थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, ही समजूत घरोघरी पोहोचली. वीर्य जाण्याच्या किंवा आटण्याच्या भीतीने थकवा, धडधड आणि निराशा येणाऱ्या रुग्णांचे वर्णन डॉ. नरेंद्रनाथ विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ या नावाने केले. हा त्रास खरा असतो. मात्र तो वीर्याच्या अभावाने होत नसून भीतीमुळे होतो. माझ्या त्या तांडेलकाकांना झालेला त्रास याच जातीचा होता.

वीर्य कमी येणे किंवा मुळीच न येणे

मूत्राशयाचे तोंड पुरेसे मिटले नाही, तर वीर्य पुढे येण्याऐवजी मागे मूत्राशयात जाते. याला उलट स्खलन म्हणतात. तृप्तीची जाणीव होते, बाहेर काही येत नाही आणि नंतरची लघवी थोडी गढूळ दिसते. त्या लघवीच्या तपासणीत शुक्रजंतू आढळले, की निदान पक्के होते. मूत्राशयात गेलेले वीर्य पुढच्या लघवीबरोबर निघून जाते. ते साठत नाही, सडत नाही आणि त्याने मूतखडाही होत नाही.

याची कारणे मुख्यतः तीन.

पहिले कारण प्रोस्टेटची औषधे. टॅमसुलोसिन आणि सिलोडोसिन ही औषधे प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात. त्यामुळेच लघवी मोकळी होते. त्याच सैलपणामुळे स्खलनात फरक पडतो. सिलोडोसिनच्या चाचण्यांत शंभरातील सुमारे अठ्ठावीस पुरुषांना हा अनुभव आला. टॅमसुलोसिनमध्ये प्रमाण कमी, अल्फुझोसिनमध्ये त्याहून कमी. या गोळ्यांचा परिणाम गोळी थांबवली वा बदलली की सामान्यतः नाहीसा होतो. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ही औषधे प्रोस्टेटचा आकार घटवतात. त्यांनी वीर्याचे प्रमाण आणि काहींची इच्छाही कमी होऊ शकते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर टॅमसुलोसिन चालू आहे किंवा पूर्वी घेतले होते, हे नेत्रतज्ज्ञांना अवश्य सांगावे. डोळ्याची बाहुली शस्त्रक्रियेत नीट ताणून राहत नाही आणि त्यांना आधी तयारी करावी लागते.

दुसरे कारण प्रोस्टेटची शस्त्रक्रिया. दुर्बिणीने प्रोस्टेट तासण्याच्या शस्त्रक्रियेनंतर निम्म्याहून बऱ्याच अधिक पुरुषांत उलट स्खलन कायमचे राहते. ताठरतेवर त्याचा परिणाम बहुधा होत नाही. हे शस्त्रक्रियेपूर्वी दोघा पती-पत्नींना ठाऊक असावे. स्खलन टिकण्याची शक्यता अधिक असलेल्या काही नव्या पद्धतीही आहेत. त्या आपल्याला लागू पडतात का, हे मूत्रविकारतज्ज्ञांना विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. कर्करोगासाठी संपूर्ण प्रोस्टेट आणि शुक्राशये काढली असतील, तर वीर्य बनण्याची जागाच उरत नाही. तरीही तृप्तीची जाणीव अनेकांत शिल्लक असते.

तिसरे कारण मधुमेह. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली, तर पायांच्या तळव्यांप्रमाणेच मूत्राशयाच्या तोंडाचे मज्जातंतूही दुबळे होतात. झालेली हानी पूर्ण भरून येईल असे सांगता येत नाही. पण साखर आटोक्यात ठेवल्याने ती पुढे वाढण्याचा वेग कमी होतो. स्खलनातील बदल ही मधुमेहाने मज्जातंतू गाठल्याची खूण असू शकते, म्हणून अशा रुग्णाचे पाय, डोळे आणि मूत्रपिंडे तपासून घ्यावीत.

अपत्य हवे असेल तर उलट स्खलनावर उपचार आहेत. उतारवयात मात्र उपचाराची गरज सहसा नसते. गरज असते ती कारण समजण्याची. त्रास वाटत असेल तर औषध बदलता येते. मूत्राशयाचे तोंड आवळणारी काही औषधे आहेत, परंतु ती रक्तदाब वाढवतात आणि लघवी अडवू शकतात. ज्येष्ठांनी ती स्वतःहून घेऊ नयेत.

लवकर होणारे स्खलन

‘लवकर’ म्हणजे किती, याविषयी मोठे गैरसमज आहेत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील पाचशे जोडप्यांच्या अभ्यासात संभोगाचा मध्यम काळ ५.४ मिनिटे आढळला. काही जोडप्यांत तो मिनिटभराहून कमी होता, तर काहींत अर्ध्या तासाहून अधिक. तज्ज्ञांच्या व्याख्येनुसार, तारुण्यापासूनच बहुधा मिनिटभरात स्खलन होत असेल, किंवा पूर्वी ठीक असून पुढे हा काळ तीन मिनिटांवर वा त्याखाली आला असेल, आणि ते थांबवता येत नसून त्यामुळे मनाला त्रास होत असेल, तरच त्याला शीघ्रपतन म्हणावे. दोघे समाधानी असतील तर घड्याळाकडे पाहण्याचे कारण नाही.

पूर्वी ठीक असलेल्या पुरुषात साठीनंतर हा बदल झाला, तर तीन गोष्टी पाहाव्यात. ताठरता टिकेल की नाही या धास्तीने घाई होते का? तसे असेल तर उपचार ताठरतेवर करावा लागतो, आणि ताठरता कमी होणे हे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराची पूर्वसूचना असू शकते. थायरॉइडचे कार्य वाढले आहे का? एका रक्ततपासणीत ते कळते आणि उपचाराने स्खलनही सुधारते. प्रोस्टेटला सूज आहे का? जळजळ, ओटीपोटातील दुखणे यांवरून तसा संशय येतो.

घरी करता येणारे उपायही आहेत. डॉ. जेम्स सीमन्स यांनी १९५६ साली वर्णन केलेल्या ‘थांबा आणि पुन्हा सुरू करा’ या पद्धतीत स्खलनाचा क्षण जवळ येताच थांबायचे, उत्तेजना ओसरू द्यायची आणि मग पुढे जायचे. काही आठवड्यांच्या सरावाने जोडप्याला अंदाज येतो. लघवी अडवताना जे स्नायू आपण आवळतो, त्यांचा रोजचा व्यायामही उपयोगी पडतो. मात्र लघवी चालू असताना तो करू नये. बधिर करणारे मलम वैद्यकीय सल्ल्याने, साधारण वीस मिनिटे आधी लावून संबंधापूर्वी धुऊन टाकावे. अन्यथा पत्नीलाही बधिरपणा येतो. डॅपॉक्सेटीन या गोळीने चक्कर येऊन शुद्ध हरपू शकते. हृदयविकार असलेल्यांना ती वर्ज्य आहे आणि पासष्टीच्या पुढे तिची सुरक्षितता पुरेशी तपासलेली नाही. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून ती घेऊ नये.

उशिरा होणारे किंवा न होणारे स्खलन

उत्तेजना आहे, ताठरता आहे, पण स्खलन होत नाही, ही तक्रार वयानुसार वाढते. त्वचेची संवेदना मंदावते, पुरुष संप्रेरक घटते, मधुमेहाचा वाटाही असतो. याशिवाय मोठे कारण म्हणजे नैराश्य आणि चिंतेवरील गोळ्या. एसिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन, फ्लुऑक्सेटीन यांनी स्खलन लांबते. जोडीदाराच्या किंवा भावंडाच्या निधनानंतर अशी गोळी सुरू झालेले अनेक ज्येष्ठ माझ्याकडे येतात. त्यांनी ती एकदम थांबवू नये. एकदम थांबवल्यास चक्कर, बेचैनी, निद्रानाश होतो आणि नैराश्य परतण्याचा धोका असतो. मात्रा कमी करणे किंवा मिर्टाझापीन, ब्युप्रोपिऑन यांसारख्या वेगळ्या गोळीवर नेणे मनोविकारतज्ज्ञांना शक्य असते. त्यासाठी तक्रार त्यांच्या कानावर पोहोचली पाहिजे. मद्य हेही कारण आहे. थोडे घेतल्याने धीर येतो असे मानणाऱ्यांना ते अखेर स्खलनापासून दूरच नेते.

केव्हा थांबू नये

लघवी पूर्ण अडली, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये. कंबरदुखीबरोबर दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली आणि लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर तीही तातडीची अवस्था आहे. स्खलनाच्या वेळी दुखणे आणि सोबत ताप असेल, तर दुसऱ्या दिवसाच्या आत डॉक्टरांना भेटावे. वीर्यात रक्त दिसणे भयंकर वाटते; बहुतेक वेळा ते आपोआप थांबते, आणि प्रोस्टेटचा तुकडा तपासणीसाठी काढला असेल तर काही आठवडे दिसणे अपेक्षितच असते. तरी चाळिशीनंतर ते दिसल्यास लघवी, प्रोस्टेट आणि रक्तातील पीएसए यांची तपासणी करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट ठळकपणे लिहितो. सॉर्बिट्रेट किंवा तत्सम नायट्रेट गोळी हृदयासाठी चालू असेल, तर ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल कधीही घेऊ नये. रक्तदाब कोसळून मृत्यू येऊ शकतो. अशी गोळी घेतल्यावर छातीत दुखले, तर १०८ च्या डॉक्टरांना ‘ही गोळी घेतली आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. सिल्डेनाफिलनंतर चोवीस आणि टाडालाफिलनंतर अठ्ठेचाळीस तास नायट्रेट देता येत नाही. ‘पूर्ण आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत आणि कॅप्सूलांत सिल्डेनाफिल मिसळलेले आढळले आहे, म्हणून धोका तेथेही आहे. लोकलच्या डब्यांत ‘गुप्तरोग’ बरे करण्याची हमी देणारे कागद चिकटवलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे आणि चमत्कारी उपाय कायद्याने मनाई आहे. संकोच बाळगणारा माणूस तो नंबर फिरवतो, कारण पलीकडचा माणूस अनोळखी असतो.

या संकोचाशी झगडणारे मराठीत पूर्वीच होऊन गेले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यात ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना थेट उत्तरे देत. त्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्व्यांना दंड झाला. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांच्या पुढाकाराने लैंगिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. म्हणजे आज प्रश्न विचारण्यासाठी सरळ, वैध जागा आहेत. सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून करावी. ते मूत्रविकारतज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ यांच्याकडे पाठवतील.

घरातील मंडळींसाठी

औषधांचा डबा सांभाळणारी बहुधा पत्नी, मुलगी किंवा सून असते. त्यांना दोन-तीन विनंत्या. डब्यात प्रोस्टेटच्या, साखरेच्या वा मनाच्या गोळ्या शिल्लक राहू लागल्या, तर रागावू नका. ‘या गोळीने काही त्रास होतो का? डॉक्टरांशी एकट्याने बोलायचे आहे का?’ एवढे विचारा. दवाखान्यात आल्यावर पाच मिनिटे बाहेर बसा. सर्व औषधांची यादी, त्यांत आयुर्वेदिक चूर्णेही, एका कागदावर लिहून त्यांच्या खिशात ठेवा. तोंडाने सांगता येत नाही ते कागदावर खूण करून दाखवता येते.

आमच्याकडे घरे लहान असतात. नातवंडे आली, की आजी एका खोलीत नातींबरोबर आणि आजोबा ओट्यावर अशी सोय आपोआप होते, आणि त्यांना विचारावे असे कोणाच्या मनातही येत नाही. म्हाताऱ्या जोडप्याला एकमेकांच्या सहवासाची गरज असते. प्रत्येक वेळी त्यात संबंधच असतो असे नाही. हात धरून झोपण्यासाठीही दार लोटता यावे लागते.

पत्नींनी एक लक्षात घ्यावे. वीर्य न येणे म्हणजे आपल्याविषयीचे प्रेम आटले, असा अर्थ काढू नये. आणि पतीने न बोलता अंतर धरले, तर त्यामागे नकाराऐवजी भीती असण्याची शक्यता अधिक असते. मला भेटलेल्या बऱ्याच जोडप्यांत दोघांनाही हे कळल्यावर औषध बदलण्याची गरजच राहिली नाही.

त्या निनावी पत्रलेखकास सांगतो : वीर्य न येणे हा आपण लिहिलेल्या गोळीचा ज्ञात परिणाम आहे. त्याने शक्ती जात नाही आणि आयुष्यही घटत नाही. गोळी चालू ठेवा. पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना ही ओळ वाचून दाखवा आणि बदल हवा असल्यास तसे स्पष्ट सांगा. नाव न लिहिता पत्र पाठवले तरी चालेल. उत्तर याच सदरात देईन.

पुढील अंकात : रात्री लघवीला उठताना होणारे पडणे आणि घरातील दिव्यांची सोय.